मैदानावर दात निखळला तर पहिल्या अर्ध्या तासात काय करायचं?

शिट्टीवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. शालेय कबड्डीचा हंगाम जवळ आलाय आणि यंदा तालुक्याच्या स्पर्धेत प्रथमोपचाराची जबाबदारी माझ्या गळ्यात पडलीय. पेटी उघडून बघितली. क्रेप बँडेज, दुखण्यावरचा स्प्रे, कापूस, आयोडीन, ओआरएसच्या पुड्या, मुदत संपलेलं एक मलम. गुडघा, घोटा, खांदा सगळ्यांची सोय आहे, तोंडाची काहीही नाही. कबड्डीत तर तोंडाला लागणं नित्याचंच. पट काढायला, म्हणजे चढाई करणाऱ्याचा पाय धरायला, वाकलेल्या कोपरारक्षकाचं तोंड चढाईपटूच्या टाचेच्या नाहीतर गुडघ्याच्या रेषेत असतं, आणि साखळीत पकड करताना आपल्याच दोघांची डोकी एकमेकांवर आपटतात ती वेगळीच.

गेल्या हंगामात एका स्पर्धेत मी गुणलेखक होतो. सतरा वर्षांखालील मुलींचा सामना. डाव्या कोपऱ्यातल्या मुलीने पट काढला, चढाई करणारी पुढे झेपावली आणि तिची टाच हिच्या वरच्या ओठावर बसली. पटाशीचा एक दात मुळासकट बाहेर. पोरगी रडली नाही, तोंडावर हात धरून "दात शोधा, दात शोधा" एवढंच म्हणत होती. दोन्ही संघांच्या मुली गुडघ्यांवर बसून माती चाळायला लागल्या. दात सापडला. मग कुणीतरी तो नळाखाली धरून अंगठ्याने चोळचोळून लख्ख केला, कोऱ्या गुणपत्रिकेच्या कागदात गुंडाळला आणि खिशात टाकला. शहरातल्या दाताच्या डॉक्टरांकडे पोचायला दोन तास लागले. त्यांनी दात बसवून दिला, पण "टिकेल याची खात्री नाही, चोळायला नको होता" असं सांगितल्याचं नंतर कानावर आलं.

मला गुणलेखकाच्या टेबलावर चिकटवायला एक कागद तयार करायचाय. इथे डॉक्टर आहेत, खेळाडू आहेत, पालकही आहेत. पेटीत काय ठेवू, कोणी काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, तेवढं सांगा. भाषा अशी हवी की दहावीतल्या मुलाला वाचून समजेल.

---

दंतकथा

सर, धागा काढलात ते फार बरं केलंत. मी दंतवैद्य आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी दवाखाना चालवते. निखळलेल्या दाताचं भवितव्य माझ्या खुर्चीत क्वचितच ठरतं. माझ्याकडे येईपर्यंत ते बरंचसं ठरून गेलेलं असतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी डोकं. मार तोंडाला बसला म्हणजे डोक्यालाही बसलेला असू शकतो. खेळाडू क्षणभर जरी बेशुद्ध झाला, उलटी झाली, तोच तोच प्रश्न विचारायला लागला, डोळ्यांपुढे दोन-दोन दिसायला लागलं, तर १०८ ला फोन करा आणि त्याला परत खेळायला सोडू नका. अशा वेळी दात दुय्यम. दात डबीत घालून सोबत द्या, त्याच्या तोंडात बसवायला जाऊ नका. शुद्ध हरपली तर तो श्वासनलिकेत जायचा.

डोकं ठिकाणावर असेल तर पुढचा प्रश्न: दात दुधाचा की कायमचा? दुधाचा असेल तर परत बसवायचा नाही. त्याच्या वर, हाडात, कायमच्या दाताचा अंकुर असतो, त्याला इजा होते. वरचे पटाशीचे कायमचे दात साधारण सात-आठ वर्षांच्या सुमारास येतात, त्यामुळे हायस्कूलच्या मुलांमध्ये हा प्रश्न सहसा येत नाही.

कायमचा दात असेल तर घड्याळ सुरू झालं समजा. दाताच्या मुळाला पेशींचं एक पातळ आवरण असतं, दात हाडाला धरून असतो तो त्याच्या जोरावर. दात निखळला की यातल्या अर्ध्या पेशी हाडाकडे राहतात आणि अर्ध्या दाताबरोबर बाहेर येतात. दाताबरोबरच्या जिवंत राहिल्या तर दात पुन्हा रुजतो. कोरड्या हवेत अर्ध्या तासात त्यातल्या बहुतेक मरतात, तासाभरानंतर जवळपास काही उरत नाही. त्या मुलीच्या दातावरून अंगठ्याने माती निघाली, तिच्याबरोबर हे आवरणही निघालं.

म्हणून: दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला. मुळाला बोट लावू नका. माती लागली असेल तर दुधाने, सलाईनने, तेही नसेल तर थंड पाण्याने काही सेकंद धुवा. ब्रश नको, साबण नको, रुमालाने पुसणं नको. खेळाडू शुद्धीवर असेल आणि तयार असेल तर दात तिथेच, मैदानावरच खाचेत परत बसवा. शेजारच्या दाताकडे बघून पुढची-मागची बाजू ओळखा, पोकळसर बाजू जिभेकडे. बोटाने हळू दाबत शेजारच्या दाताच्या पातळीला आणा आणि स्वच्छ रुमालाची घडी चावून धरायला सांगा. ऐकायला भयंकर वाटतं. पण पहिल्या काही मिनिटांत तो भाग बधिर असतो आणि दात बहुतेक वेळा सहज सरकतो. अडला तर मात्र जोर लावू नका.

जमलं नाही किंवा धीर झाला नाही, तर थंड दुधात टाका. दूध नसेल तर खेळाडूलाच स्वच्छ पेल्यात थुंकायला सांगा आणि त्या लाळेत दात ठेवा. सलाईनही चालतं, पण दुधाइतका वेळ तारत नाही. साधं पाणी सगळ्यात शेवटी, कारण पाण्यात त्या पेशी फुगून फुटतात. तरी कोरड्या कागदापेक्षा पाणी बरं. दाताच्या इजांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतही साधारण हेच सांगितलंय.

आणि तास उलटला म्हणून दात टाकून देऊ नका! उशिरा बसवलेला दात पुढे हाडाला चिकटून हळूहळू झिजतो हे खरं, पण तोवर काही वर्षं जागा धरून ठेवतो. सोळा वर्षांच्या मुलीच्या जबड्यात ती वर्षं मोलाची असतात.

---

तालीमकर

डॉक्टर, लई भारी माहिती. आमच्या कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम म्हणजे सणच, शाहू स्टेडियमवर पेठांच्या तालमींचे सामने असले की पाय ठेवायला जागा नसते. हेडला दोघं एकदम उडाले की एकाचं कपाळ नि दुसऱ्याचे दात, ठरलेलं. पण मुळासकट दात पडलेला मी कमी बघितलाय. जास्त करून तुकडा पडतो, नाहीतर दात हलायला लागतो नि पोरं "काय नाय होत" म्हणून खेळत राहतात. त्याचं काय करायचं?

---

दंतकथा

तालीमकर, बरोबर, तुकडा पडणं आणि दात हलणं हेच जास्त दिसतं.

तुकडा सापडला तर पाण्यात किंवा दुधात घालून आणा. इथे मुळाचा प्रश्न नसतो, त्यामुळे पाणी चालतं. तुकडा धड असेल तर तोच परत चिकटवता येतो, आणि रंग-आकार तुमचाच असल्यामुळे सिमेंटपेक्षा तो शोभतो. तो कोरडा आला तर चिकटवण्याआधी आम्ही वीसेक मिनिटं पाण्यात भिजवतो.

तुटलेल्या जागी मधोमध लाल ठिपका दिसत असेल किंवा तिथून रक्त येत असेल तर दाताची नस उघडी पडलीय. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. कोवळ्या वयात नस वाचवता येते आणि ती वाचवणं फार गरजेचं असतं, कारण मुळाची वाढ अजून पूर्ण झालेली नसते.

तुकडा सापडलाच नाही तर? ओठ फाटला असेल तर तो ओठात रुतून बसलेला असू शकतो. वरून टाके पडतात, तुकडा आत राहतो आणि महिन्याभराने गाठ म्हणून पेशंट परत येतो. टाके घालणाऱ्या डॉक्टरांना "दाताचा तुकडा सापडलेला नाही" हे आवर्जून सांगा, ते ओठाचा एक्स-रे काढतील. खोकला थांबत नसेल तर छातीचाही काढावा लागतो.

हलणारा दात: जागेवरून सरकलेला असेल, चावताना आधी तोच लागत असेल, तर तो सरळ करून शेजारच्या दातांना बारीक तारेने बांधावा लागतो. मुळासकट पडलेल्याला साधारण दोन आठवडे, बाजूला सरकलेल्याला चार. तार लवचीकच हवी, करकचून बांधलेला दात हाडाला चिकटण्याची भीती असते. आणि दात वरती हाडात घुसून आखूड दिसायला लागला असेल, तर तो "पडला" असं समजून मातीत शोधत बसू नका, आधी हिरडीत बघा.

---

आंबोळीप्रेमी

माझा प्रश्न जरा बालिश वाटेल. आमच्याकडे देवगड-मालवण पट्ट्यात मैदानावर दूध मिळणं कठीण, शहाळी मात्र ढिगाने. नारळपाणी चालेल का? आणि ताक?

---

दंतकथा

अजिबात बालिश नाही. नारळपाण्यावर आपल्या देशात दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी बरेच प्रयोग केलेत. काहींत ते चांगलं ठरलं, काहींत त्याच्या आंबटपणामुळे दुधाच्या मागे पडलं. ठरलेल्या मार्गदर्शक यादीत अजून ते नाही. त्यामुळे दूध, लाळ, सलाईन यांपैकी काही हाताशी असेल तर ते घ्या. काहीच नसेल आणि समोर ताजं शहाळं फोडलेलं असेल, तर मी दात कोरडा ठेवण्यापेक्षा त्यात टाकेन.

ताक, दही, लिंबू सरबत, सोडा यांच्या वाटेला जाऊ नका, आंबट पदार्थ त्या पेशींना मारतात. चहाचं गरम दूधही नको. सगळ्यांत सोपं म्हणजे टेट्रापॅकमधलं साधं, बिनसाखरेचं, बिनस्वादाचं दूध. फ्रिजशिवाय टिकतं. त्याच्या जोडीला औषधाच्या दुकानातून सलाईनची छोटी सीलबंद बाटली आणि घट्ट झाकणाची डबी. परदेशात यासाठी खास द्रावणाच्या डब्या मिळतात, पण त्यांच्यावाचून आपलं अडत नाही.

---

आजीचा_बटवा

हळद दाबून धरली की रक्त लगेच थांबतं, लवंग तेलाने ठणका जातो. पिढ्यानपिढ्या करत आलोय. प्रत्येक गोष्टीला डॉक्टर कशाला?

---

दंतकथा

आजी, स्वयंपाकघरात हळदीला माझा पूर्ण पाठिंबा. पण दाताच्या रिकाम्या खाचेत हळद, मिश्री, कॉफी काहीही भरलं की मला ते सगळं धुऊन काढावं लागतं, आणि तेवढ्यात आतल्या उरलेल्या पेशीही जातात. लवंग तेल उघड्या हिरडीला लावलं तर भाजतं. अॅस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवून पांढरा पापुद्रा झालेले पेशंट तर दर महिन्याला येतात.

रक्तासाठी स्वच्छ कापडाची घडी दहा मिनिटं चावून धरायची, मधे मधे काढून बघायचं नाही. गालावर बाहेरून बर्फ. लाळेत मिसळल्यामुळे रक्त आहे त्यापेक्षा जास्त दिसतं, घाबरून सारखी चूळ भरली की गुठळी निघून जाते आणि पुन्हा सुरू होतं.

---

बिनपगारी_पंच

क्रिकेटवाल्यांनाही आत घ्या. डिसेंबर २०२२ मध्ये लंका प्रीमियर लीगमध्ये चमिका करुणारत्नेच्या तोंडावर उंच उडालेला झेल आदळला, चार दात गेले, आणि पठ्ठ्याने झेल सोडला नाही! तो क्षेत्ररक्षक होता, फलंदाज नव्हे. हेल्मेटची चर्चा फक्त फलंदाजाची होते. आणि आपला अनिल कुंबळे तर काय सांगावा. २००२, अँटिग्वा, मर्विन डिलनच्या चेंडूने जबडा मोडलेला, डोक्यापासून हनुवटीपर्यंत पट्टी बांधून चौदा षटकं टाकली आणि लाराला पायचीत केलं. याला म्हणतात जिगर.

---

दंतकथा

कुंबळेबद्दल मलाही तेवढंच कौतुक. पण माझ्याकडे येणारी मुलं त्या पट्टीचा दाखला देतात तेव्हा हात कपाळाला जातो. तो कसोटी सामना होता, सोबत संघाचा वैद्यकीय चमू होता, आणि तोही लगेच शस्त्रक्रियेसाठी मायदेशी परतला. गल्लीतल्या चषकासाठी कुणी मोडका जबडा घेऊन खेळू नये.

जबडा मोडलाय हे ओळखायच्या खुणा सांगते. वरचे-खालचे दात नेहमीसारखे जुळत नाहीत, हे खेळाडू स्वतःच सांगतो, त्यावर विश्वास ठेवा. तोंड पूर्ण उघडत नाही किंवा उघडताना एका बाजूला जातं. खालचा ओठ बधिर होतो. जिभेखाली निळंजांभळं रक्त साकळतं. आणि हनुवटीवर जखम झाली असेल तर टाके घालून मोकळे होऊ नका, हनुवटीचा मार वर कानापुढच्या सांध्यापर्यंत जातो आणि हाड तिथे मोडतं. लहान मुलांत हे सर्रास सुटतं, आणि पुढे जबड्याची वाढ एका बाजूने खुंटते. अशा वेळी पेशंटला पुढे झुकवून बसवा म्हणजे रक्त घशात जाणार नाही, खाऊपिऊ काही घालू नका, आणि जिथे तोंडाचे शल्यचिकित्सक आहेत अशा रुग्णालयात न्या. मुंबईत शासकीय दंत महाविद्यालय आणि नायर, तसंच नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, शिवाय बऱ्याच जिल्ह्यांत खासगी दंत महाविद्यालयं आहेत. रात्री कोण असतं हे मात्र स्पर्धेच्या आधीच फोन करून विचारून ठेवा.

---

ऑकलंडकर

इतका वेळ नुसता वाचत होतो, आता राहवेना. उपचारावर सगळे बोलताय, माउथगार्डचं, म्हणजे दातांवर बसवायच्या मऊ कवचाचं, कुणी नावही काढलं नाही. न्यूझीलंडमध्ये रग्बी म्हणजे आपल्याकडची गल्ली क्रिकेट. इथे १९९८ पासून देशांतर्गत रग्बीत सगळ्या स्तरांवर माउथगार्ड सक्तीचं झालं. अपघातांची भरपाई इथे सरकारी योजनेतून मिळते, त्यामुळे हिशोब ठेवलेला आहे: १९९५ ते २००३ या काळात रग्बीतल्या दातांच्या दाव्यांत सुमारे ४३ टक्के घट झाली. माझा मुलगा शाळेच्या संघात आहे, माउथगार्ड विसरला तर त्या दिवशी बाकावर बसतो. रडला तरी बसतो.

कबड्डीत नखं कापलीत का हे पंच बघतात, अंगाला तेल लावलंय का बघतात, मग दातांचं का नाही?

---

दम_लागला

ऑकलंडकर, कबड्डी खेळलायत का कधी? चढाईत सलग, ऐकू येईल असं "कबड्डी कबड्डी" म्हणावं लागतं. तोंडात रबराचा गोळा घेऊन "गबड्डी गबड्डी" केलं की पंच दम तुटला म्हणून बाहेर काढणार. मी चढाईपटू आहे. बाजारातलं उकळून चावायचं माउथगार्ड घालून सरावात बघितलं. मळमळतं, श्वास अडतो, बोलताच येत नाही. रग्बीत कोण जप करतंय?

---

ऑकलंडकर

हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. मान्य. पण पकड करणाऱ्यांना जप करावा लागत नाही ना? दोन्ही कोपरे आणि मधले, त्यांनी घालायला काय हरकत?

---

दम_लागला

तोच खेळाडू पुढच्या चढाईला जातो हो. शालेय संघात चढाईपटू वेगळा नि पकडवाला वेगळा असं कुठे असतं? आत जाताना काढायचं कुठे, चड्डीच्या खिशात?

---

दंतकथा

दोघांचंही बरोबर आहे. माउथगार्ड तीन तऱ्हेची असतात. तयार मिळणारी सगळ्यात वाईट, ती दातांनी धरून ठेवावी लागतात. दुसरी गरम पाण्यात मऊ करून चावायची, दोन-चारशेत मिळतात, पण चावताना कडेला जाड आणि नेमकी पुढच्या दातांपाशी पातळ होतात. तिसरी मापाची. दातांचा साचा घेऊन त्यावर तीन-चार मिलिमीटरचा प्लास्टिकचा पत्रा तापवून, हवेच्या दाबाने बसवून करतात. ती आपसूक वरच्या दातांना धरून बसतात, आणि आठवडाभर सरावात घातली की बोलणं बरंच सुधारतं. माझ्याकडच्या एका चढाईपटूला मी मागची कड टाळूकडे आखूड कापून दिली आणि रोज घरी ते घालून मोठ्याने पेपर वाचायला सांगितला. त्याच्या पंचांना त्याचा "कबड्डी" ऐकू येतो. तरी स्पर्धेआधी पंचांना दाखवून त्यांच्याकडून होकार घ्यावा, सामना सुरू झाल्यावर वाद नको.

मापाच्या गार्डला शहरागणिक दीड-दोन हजार ते त्याहून जास्त लागतात. अख्ख्या शालेय संघाला हे परवडणार नाही हे मलाही माहीत आहे. मग निदान ज्यांचे वरचे दात पुढे आहेत त्यांना तरी द्या, मार बसल्यावर आधी जातात ते त्यांचेच. बॉक्सिंगमध्ये गमशील्डशिवाय (म्हणजे माउथगार्डच) रिंगणात पाऊल टाकू देत नाहीत, तिथे पोरं कुरकुरत नाहीत.

---

मृदगंधा_

माझ्या मुलीच्या दातांना तारा लावल्यात आणि ती हॉकी खेळते. तिला माउथगार्ड बसतच नाही म्हणतात.

---

दंतकथा

मृदगंधाताई, बसतं, पण मापाचंच करावं लागतं आणि तारांच्या जागी साच्यात थोडी मोकळीक ठेवावी लागते, कारण दात सरकत असतात. दर काही महिन्यांनी नवं लागेल. ज्या डॉक्टरांनी तारा लावल्यात त्यांच्याकडूनच करून घ्या. तोवर गार्डशिवाय खेळली आणि तोंडाला लागलं, तर ओठ तारेत अडकलेला असू शकतो, तो ओढून सोडवू नका.

---

काळा_डगला

अवांतर, पण कामाचं. कायद्याच्या दृष्टीने हाड किंवा दात मोडणं अथवा निखळणं म्हणजे "गंभीर दुखापत". पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ३२०, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ११६. त्यामुळे सामन्यानंतरच्या हाणामारीत कुणाचा दात पाडलात तर प्रकरण "किरकोळ बाचाबाची" राहत नाही. नियमात राहून खेळताना लागलं तर गोष्ट वेगळी. संमतीने खेळल्या जाणाऱ्या खेळाला कायद्यात जागा आहे, संमतीबद्दलच्या कलमाखालचं उदाहरणच मजेखातर तलवारबाजी खेळणाऱ्या दोघांचं आहे. तालीमकर, हे तुमच्या पेठांच्या पोरांना वाचून दाखवा.

आणि आरोग्य विम्याचे कागद नीट वाचा. दातांचा खर्च बहुतेक पॉलिसींत वगळलेला असतो, अपघातामुळे रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तरच तो धरतात. खुर्चीत बसवून तार बांधली तर सहसा काही मिळत नाही. म्हणून आयोजकांनी स्पर्धेपुरता अपघात विमा काढताना दाताचा खर्च धरलाय का हे लेखी विचारावं.

---

तालीमकर

वकीलसाहेब, वाचून दाखवतो, पण ऐकतंय कोण 😄

---

पाणीपुरी_रविवार

दात बसवला, तार लावली, पुढे काय? माझ्या भाच्याला बास्केटबॉल खेळताना कोपर लागलं. दोन आठवड्यांनी तार काढली, दुखत नाही, म्हणून पुन्हा जायचं टाळतोय.

---

दंतकथा

त्याला कान धरून न्या. मोठ्या माणसाचा दात मुळासकट पडून बसवला असेल तर दोन आठवड्यांच्या आत रूट कॅनाल सुरू व्हायला हवं. नस तुटलेली असते, ती आतच सडते आणि मूळ आतून-बाहेरून कुरतडलं जातं. यात दुखत नाही, हीच खरी अडचण. नऊ-दहा वर्षांच्या मुलात मुळाचं टोक उघडं असतं, तिथे नस पुन्हा जीव धरू शकते म्हणून आम्ही थांबतो, पण डोळ्यांत तेल घालून. सुरुवातीला थंड-गरम लावून केलेली तपासणी फसवी असते, दोन-तीन महिने दात काहीच सांगत नाही. म्हणून चार आठवडे, तीन महिने, सहा महिने, वर्ष, आणि पुढे दरवर्षी एक्स-रे.

तार असेपर्यंत मऊ जेवण, मऊ ब्रश, क्लोरहेक्सिडीनची चूळ दिवसातून दोनदा. धक्काबुक्कीचा खेळ बंद. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं होतं ते आठवून ठेवा, मातीत पडलेल्या दाताला हा प्रश्न पहिला विचारतात.

---

शिट्टीवाला (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. कागदाचा मसुदा झाला. टेट्रापॅक दूध, सलाईन, झाकणाची डबी, हातमोजे आणि गॉज पेटीत टाकले. तालुक्यातल्या दाताच्या डॉक्टरांना फोन लावले, दोघांनी स्पर्धेच्या रविवारी फोन उचलायचं कबूल केलंय, एकांनी तर मैदानावर येऊन तासभर बसतो म्हटलंय. त्यांचे नंबर कागदावर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात टाकले. शेवटचा प्रश्न: दात परत बसवणं मी स्वतः करीन, पण मी नसेन तेव्हा विद्यार्थी स्वयंसेवकांना हे करू द्यावं का? पालक भडकले तर?

---

दंतकथा

विद्यार्थ्यांना दोनच कामं द्या: दात पांढऱ्या भागाला धरून उचलणं आणि दुधात टाकणं. बसवण्याचं काम मोठ्या माणसाचं. पालक तिथे असतील तर "परत बसवतोय" एवढं सांगून करा, नसतील तर फोनवर सांगा. कुणी नको म्हटलं तर वाद घालत बसू नका, दूध आहेच, गाडी काढा. आणि मोठ्या खेळाडूने दात गालात धरून आणला तरी चालतो. लहान मुलाला मात्र तसं करायला सांगू नका, गिळून बसेल.

---

दम_लागला

डॉक्टर, साचा घ्यायला शनिवारी येतो. फक्त एक सांगा, गार्ड धुवायचं कशाने? मागचं गरम पाण्यात टाकलं तर गोगलगाय झालं होतं त्याचं.

---

दंतकथा

थंड पाणी, मऊ ब्रश, थोडा साबण. भोकं असलेल्या डबीत ठेवायचं. दुचाकीच्या डिकीत उन्हात ठेवलंत तर पुन्हा तेच होईल. शनिवारी अकरानंतर या, त्याआधी शाळेची मुलं असतात.